निषाद, वाल्मीकी आणि किंदम : उत्तरवयात शिकलेल्या शिकारीचा नैतिक विचार

१

रामायणाच्या बालकांडातील क्रौंचवधाचा प्रसंग तीन स्थानांवर उभा आहे : मारणारा, मरणारा आणि पाहणारा. निषाद बाण सोडतो, जोडीतला क्रौंच पडतो आणि तमसेच्या तीरावर स्नानासाठी आलेला वाल्मीकी ते पाहतो. मारणाऱ्याच्या वाट्याला शाप येतो, पाहणाऱ्याच्या वाट्याला श्लोक येतो. शोकाचे श्लोकात होणारे रूपांतर हा आनंदवर्धनापासून आपल्या काव्यविचाराला परिचित असलेला विषय आहे. त्याची पुनरुक्ती येथे करावयाची नाही. या रचनेत एक गृहीत दडलेले आहे, त्याकडे मात्र लक्ष वेधावयाचे आहे. मारणारा आणि पाहणारा या दोन भिन्न व्यक्ती आहेत, हे ते गृहीत होय. निषादाला बाण सोडल्यानंतर स्वतःच शोक झाला असता तर त्या शोकाचे काय झाले असते, हा प्रश्न आदिकाव्याला पडत नाही.

हा प्रश्न आज जेथे उपस्थित झालेला दिसतो, ते ठिकाण तमसेपासून फार दूर आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विस्कॉन्सिन, मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया अशा हरणांनी समृद्ध असलेल्या राज्यांत शिकार ही बहुतांशी घराण्यातून येणारी रीत आहे. बाप मुलाला दहा-बारा वर्षांचा असताना रानात नेतो आणि बंदूक हाती देतो. परंतु गेल्या काही दशकांत या वाटेने न आलेली माणसेही रानात दिसू लागली आहेत. ही माणसे शहरात वाढलेली आणि बहुधा सुशिक्षित आहेत. त्यांच्या घरात हत्याराची परंपरा नाही, आणि चाळिशी-पन्नाशी गाठल्यावर ती हरणाची शिकार शिकू लागतात. त्यांच्यासाठी इंग्रजीत एक थट्टेची संज्ञाही रूढ झाली आहे. प्रौढवयात जडणाऱ्या व्याधीला वैद्यक जसे नाव देते, तशा नावाने त्यांना ओळखले जाते. त्यांच्यापैकी काहींनी आपल्या शिक्षणाची कथने लिहिली. मायकेल पोलन यांच्या 'द ऑम्निव्होर्स डिलेमा' (२००६) या ग्रंथात कॅलिफोर्नियातील रानडुकराच्या शिकारीचा भाग आहे. टोव्हार सेरुली यांचे 'द माइंडफुल कार्निव्होर' (२०१२) हे तर अनेक वर्षे दूधही वर्ज्य मानणाऱ्या शाकाहाऱ्याने हरणाच्या शिकारीपर्यंत केलेल्या प्रवासाचे कथन आहे.

या कथनांतील निवेदक निषाद आणि वाल्मीकी ही दोन्ही स्थाने एकाच देहात धारण करू पाहतो. त्याला मारावयाचे आहे आणि त्या मारण्याचा शोकही करावयाचा आहे. आपल्याकडे 'वाल्याचा वाल्मीकी' होण्याची कथा सर्वपरिचित आहे. परंतु तिचा क्रम हिंसेकडून करुणेकडे जाणारा आहे. जिम कॉर्बेट उत्तरायुष्यात बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे वळले. मराठीत व्यंकटेश माडगूळकर शिकारीच्या हौसेकडून रानाच्या निरीक्षणाकडे आले. त्यांचाही क्रम तोच आहे. उत्तरवयात शिकार शिकणारा मनुष्य हा क्रम उलटवतो. त्याची संवेदनशीलता आधी घडलेली असते. हत्यार नंतर येते. हा उलटा क्रम नैतिक अधोगती मानावा, की वारशाने शिकार करणाऱ्याला कधीच न लाभणारी एक जबाबदारी त्यातून निर्माण होते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

२

या प्रश्नाचा विचार हत्यारापासून सुरू करणे इष्ट ठरेल. कारण उशिरा शिकणाऱ्यांपैकी पुष्कळजण क्रॉसबो निवडतात, आणि ही निवड नैतिकदृष्ट्या निरर्थक नाही. क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारख्या दस्त्यावर आडवे बसवलेले धनुष्य. त्याची दोरी दोन्ही हातांनी किंवा चरखीच्या साहाय्याने एकदाच मागे ओढावयाची. ती खटक्यात अडकून राहते. नंतर खोबणीत आखूड बाण ठेवावयाचा, दुर्बिणीतून नेम धरावयाचा आणि चाप दाबावयाचा. उभ्या धनुष्यात ताण धनुर्धराच्या खांद्यात आणि पाठीत असतो, येथे तो यंत्राने पेललेला असतो. त्यामुळे उभ्या धनुष्याला लागणारी काही वर्षांची साधना येथे काही आठवड्यांवर येते. विस्कॉन्सिनमध्ये क्रॉसबोची मुभा पूर्वी प्रामुख्याने वृद्धांना आणि अपंगांना होती. २०१४ पासून ती सर्व परवानाधारकांना मिळाली. दुखऱ्या खांद्याच्या आणि उशिरा आलेल्या माणसाचे हे हत्यार आहे.

या सुलभतेविषयीची अस्वस्थता जुनी आहे. ११३९ मधील दुसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने क्रॉसबोधारी व धनुर्धारी यांच्या विद्येचा ख्रिस्ती लोकांविरुद्ध वापर करण्यास मनाई केली होती. ११९९ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड फ्रान्समधील एका किल्ल्याच्या वेढ्यात क्रॉसबोच्या बाणाने जखमी होऊन मरण पावला. आयुष्यभर युद्धविद्या शिकलेल्या योद्ध्याला अल्प शिक्षणाचा मनुष्य भिंतीआडून मारू शकतो, ही गोष्ट या हत्याराने शक्य केली. आजचे परंपरानिष्ठ धनुर्धारी क्रॉसबोविरुद्ध जो आक्षेप घेतात, त्याचे सूत्र हेच आहे : ज्याने साधना केली नाही त्याला फळ का मिळावे? आपल्याकडेही धनुर्विद्या साधनेशी जोडलेली आहे. आणि ती साधना कोणी करावी व कोणी करू नये हे जन्मावरून ठरवले जात होते, हे एकलव्याच्या अंगठ्याने सिद्ध केलेले आहे.

हा आक्षेप तपासला असता असे दिसते, की तो पूर्णतः शिकाऱ्याच्या बाजूने घेतलेला आहे. साधनेचे मूल्य साधकाला असते. हरणाच्या दृष्टीने मोल आहे ते अचूकतेला. नवशिक्याने थरथरत्या हाताने सोडलेला बाण बरगडीऐवजी पोटात लागला तर ते हरीण कित्येक तास तडफडत राहते. तेव्हा ज्या यंत्राने ही शक्यता कमी होते, ते 'सोपे' आहे म्हणून हीन ठरवणे हा साधनेचा अहंकार झाला. उशिरा शिकणाऱ्याचा क्रॉसबो इतपत समर्थनीय आहे.

परंतु क्रॉसबोचे एक दुसरे वैशिष्ट्य आहे, आणि ते अधिक विचार करावयास लावणारे आहे. उभ्या धनुष्याची दोरी हरीण समोर आल्यावर ओढली जाते. हात थकतो, निर्णय तत्काळ घ्यावा लागतो. क्रॉसबोची दोरी मात्र पहाटे मचाणावर चढण्याच्या सुमारास ओढली जाते आणि शिकारी तासन्तास ती ओढलेली दोरी मांडीवर घेऊन बसतो. हरीण अद्याप दिसलेलेही नसते. ते येईल की नाही हेही ठाऊक नसते. जैन आचारविचारात गृहस्थाच्या संदर्भात हिंसेचे चार प्रकार सांगितले जातात : आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. घरकामात, उपजीविकेत आणि संरक्षणात घडणाऱ्या हिंसेकडे गृहस्थाच्या मर्यादा ओळखून पाहिले जाते. संकल्पी हिंसा मात्र त्यालाही वर्ज्य आहे, आणि शिकार हे तिचे ठळक उदाहरण आहे. ओढून ठेवलेली क्रॉसबोची दोरी म्हणजे हा संकल्पच दृश्य झालेला होय. लहानपणी वडिलांबरोबर रानात गेलेल्या मुलाला संकल्प कधी झाला हे सांगता येत नाही, कारण रीतीने तो त्याच्या वतीने केलेला असतो. पंचेचाळिसाव्या वर्षी शिकणाऱ्याला रीतीचे हे पांघरूण उपलब्ध नसते. त्याच्या हिंसेला तो स्वतः सोडून दुसरा जनक नाही.

३

या शिक्षणात प्रत्यक्षात काय शिकले जाते हे पाहिल्याशिवाय पुढील विवेचन अधांतरी राहील. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीला परवान्यासाठी शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्यामुळे चाळिशीतला विद्यार्थी बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या शेजारी बसून सुरक्षिततेचे नियम शिकतो, असे दृश्य तेथे अशक्य नाही. पुढे तो ठोकळ्यावर नेमबाजीचा सराव करतो. हे सर्व सोपे आहे. कठीण भाग रानात सुरू होतो. वारा कोणत्या दिशेने वाहतो, हरणे कोठे चरतात व कोठे विसावतात, कोणत्या वाटेने पाण्याकडे जातात, हे शिकावे लागते. पहाटे आणि संध्याकाळी झाडाला बांधलेल्या मचाणावर न हलता बसावे लागते. कित्येक दिवस काहीही घडत नाही.

बाण सुटल्यानंतरचा भाग तर शिकाऱ्याविषयीच्या सर्वसाधारण कल्पनेत बसतच नाही. बंदुकीची गोळी आघाताने मारते. रुंद पात्याचा बाण रक्तस्रावाने मारतो. फुप्फुसांतून बाण गेलेले हरीणही बहुधा काही अंतर धावते आणि झाडीत दिसेनासे होते. अशा वेळी लगेच मागे धावावयाचे नसते. साधारण अर्धा तास थांबावयाचे. पोटात बाण लागल्याची शंका असेल तर कित्येक तास थांबावयाचे, कारण पाठलाग झाल्यास जखमी हरीण उठून दूर जाते आणि मग सापडत नाही. नंतर रक्ताच्या खुणा वाचावयाच्या. गुलाबी, फेसाळ रक्त फुप्फुस सुचवते. गडद लाल रक्त यकृत सुचवते. हिरवट द्रव आणि दुर्गंध आतड्यांची जखम सुचवतो. पानावरचा थेंब, वाकलेले गवत, उमटलेला खूर यांवरून घडून गेलेली आणि आपण न पाहिलेली घटना जुळवावी लागते.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे कार्लो गिंझबुर्ग यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. खुणा आणि पुराव्यांच्या ज्ञानपद्धतीवरील १९७९ मधील आपल्या निबंधात त्यांनी असे अनुमान मांडले, की कथनाची मूळ कल्पनाच कदाचित शिकारी समाजात उदयास आली असावी. मूक खुणांवरून एक सुसंगत घटनाक्रम प्रथम वाचू शकला तो शिकारी होय. हे अनुमान सिद्ध करता येणारे नाही. परंतु क्रौंचवधाच्या कथेशेजारी ठेवले असता ते फार उद्बोधक ठरते. साहित्याच्या उगमाच्या या दोन कल्पना परस्परविरोधी आहेत. गिंझबुर्ग यांच्या मते कथन शिकाऱ्यापासून सुरू होते. रामायणाच्या मते काव्य शिकाऱ्याला थांबवू पाहणाऱ्यापासून सुरू होते. पहिल्यात मरणारा प्राणी ही वाचावयाची खूण आहे, दुसऱ्यात तो शोकाचा विषय आहे. उत्तरवयातील शिकारी रक्ताच्या मागावर चालत असतो तेव्हा या दोन्ही उगमांचा वारसा एकदम सांगत असतो. हा दावा त्याला पेलतो का?

४

त्याच्या बाजूने मांडता येणारा सर्वांत बळकट युक्तिवाद वाल्याच्याच कथेत आहे. वाटमारी करणाऱ्या वाल्याला नारद विचारतात, की ज्यांच्यासाठी तू हे पाप करतोस, ती तुझी माणसे त्यात वाटेकरी होतील का? वाल्या घरी जाऊन विचारतो. लुटीवर पोसलेली त्याची बायकामुले सांगतात, की आम्हांला पोसणे हे तुझे कर्तव्य. पापाचा वाटा आमचा नाही. ही कथा आपण नेहमी वाल्याच्या बाजूने वाचतो आणि त्याच्या परिवर्तनावर लक्ष केंद्रित करतो. त्या कुटुंबाकडे मात्र फारसे पाहत नाही. वस्तुतः नागर मांसाहारी समाजाचे नेमके चित्र त्या कुटुंबात आहे. प्रस्तुत लेखक मांसाहारी आहे, आणि आजवर त्याने एकही प्राणी स्वतः मारलेला नाही. खाटकाच्या दुकानासमोर उभे असताना नजर रस्त्याकडे वळवण्याची कला त्याला लहानपणापासून अवगत आहे. लुटीतला वाटा हवा, पापातला नको, हा वाल्याच्या घरचा न्याय आहे. आणि उत्तरवयात शिकार शिकणारा मनुष्य या न्यायाला नकार देतो. वर्षातून एकदा तरी, ताटातील मांसामागचा मृत्यू मी स्वतः घडवीन आणि त्याचे आतडे स्वतःच्या हाताने काढीन, असे तो म्हणतो. या नकारात प्रामाणिकपणा आहे, हे मान्य करावयास हवे.

वनपर्वातील धर्मव्याधाची कथा याच संदर्भात पाहता येईल. मिथिलेत मांस विकणारा व्याध कौशिक ब्राह्मणाला धर्म सांगतो. आपल्या व्यवसायाच्या समर्थनार्थ तो दोन गोष्टी पुढे करतो. हा व्यवसाय मला कुलपरंपरेने आलेला आहे, ही पहिली. आणि नांगरटीतही असंख्य जीव मरतात, तेव्हा पूर्ण अहिंसक कोणीच नाही, ही दुसरी. दुसरा मुद्दा उत्तरवयातील शिकाऱ्याचाही आवडता आहे. भाजीपाल्याच्या शेतांचे रक्षण करण्यासाठी हरणे आणि इतर प्राणी मारले जातात, हे लक्षात आल्यावर सेरुली यांच्या शाकाहाराला पहिला तडा गेला. पहिला मुद्दा मात्र या शिकाऱ्याला उपलब्ध नाही. शिवाय धर्मव्याध स्वतः प्राणी मारत नाही. इतरांनी मारलेल्या प्राण्यांचे मांस विकतो. म्हणजे धर्मव्याधाकडे परंपरा आहे आणि स्वहस्ते केलेली हिंसा नाही. उशिरा शिकलेल्या शिकाऱ्याकडे स्वहस्ते केलेली हिंसा आहे आणि परंपरा नाही. धर्मव्याधाचे समर्थन त्याला अर्धेच लागू पडते.

परंपरेची ही उणीव भरून काढण्यासाठी परिस्थितिविज्ञानाचा आधार घेतला जातो, आणि त्यातही तथ्य आहे. १९०० च्या सुमारास उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या अनिर्बंध शिकारीमुळे पाच लाखांच्या किंवा त्याहूनही खाली गेली होती, असे अंदाज आहेत. कडक नियमन आणि संवर्धनानंतर आज ती सुमारे तीन कोटी असल्याचे मानले जाते. लांडगे आणि प्यूमा बहुतेक प्रदेशांतून आधीच नाहीसे करण्यात आले होते. परिणामतः कोवळी झाडे उगवताच खाल्ली जातात आणि रस्त्यांवर अपघात होतात. आल्डो लिओपोल्ड (१८८७–१९४८) यांनी तरुणपणी स्वतः मारलेल्या लांडग्याच्या आठवणीतून हेच दाखवले, की लांडगा नाहीसा झालेला डोंगर हरणांच्या भयात जगतो. कोणीतरी हरणे मारणे आवश्यक आहे, ही गोष्ट येथे जवळजवळ सिद्ध होते.

५

तथापि 'कोणीतरी मारावे' यावरून 'मी मारावे' हे सिद्ध होत नाही. पहिले विधान जंगलाविषयीचे आहे, दुसरे माझ्याविषयीचे. या दोहोंमधील अंतर ज्या गोष्टीने भरले जाते, ती म्हणजे आत्मशोधाची इच्छा होय. ओर्तेगा इ गासेत यांनी १९४२ मध्ये एका शिकारी मित्राच्या ग्रंथाला लिहिलेल्या दीर्घ प्रस्तावनेत शिकारीचे जे तत्त्वज्ञान मांडले, त्याचा गाभा असा : मारणे हा शिकारीचा हेतू नसतो, परंतु मारण्याच्या शक्यतेवाचून शिकार खरी ठरत नाही. मनुष्य काही काळ आपल्या ऐतिहासिक अस्तित्वातून सुटी घेऊन निसर्गात परततो, आणि या परतण्याच्या खरेपणाची हमी प्राण्याच्या मृत्यूने मिळते. हा सिद्धांत मोहक आहे. परंतु त्यात हरणाचा मृत्यू शिकाऱ्याच्या अनुभवाच्या सत्यतेचा शिक्का होतो. उपजीविकेसाठी मारणारा प्राण्याला अन्न मानतो. ओर्तेगांचा शिकारी त्याला प्रमाणपत्र मानतो. यांपैकी कोणती दृष्टी प्राण्याचा अधिक आदर करणारी आहे, हे ठरवणे कठीण नाही.

उत्तरवयातील शिकाऱ्यांच्या कथनांची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. आरंभी आधुनिक जीवनाविषयीची बेचैनी. मग शिक्षण, अपयश, प्रतीक्षा. कळसाला हरणाचा मृत्यू. त्यानंतर अश्रू, मौन आणि प्राण्याविषयीची कृतज्ञता. शेवटी कुटुंबासह भोजन. ही दीक्षाकथेची रचना आहे. हरणाचा मृत्यू निवेदकाच्या वाढीच्या सर्वोच्च बिंदूशी नेमका जुळवलेला असतो. कृतज्ञतेच्या शब्दाचाही विचार करावयास हवा. उत्तरेकडील क्री लोकांसारख्या काही आदिवासी समाजांत प्राणी स्वतःला शिकाऱ्याच्या स्वाधीन करतो अशी श्रद्धा आहे. तेथे कृतज्ञतेला निषेधांचे, वाटणीचे आणि अवशेषांच्या सन्मानाचे सबंध जाळे आधार देते. ते जाळे मागे ठेवून केवळ भावना उचलली, की तिचा अर्थ बदलतो. कृतज्ञता दान गृहीत धरते. येथे हरणाने काही दिलेले नसते. ते त्याच्यापासून घेतलेले असते.

मारणारा आणि पाहणारा यांचे एकत्व खरोखर शक्य आहे का, याविषयी सर्वांत प्रामाणिक साक्ष पोलन यांच्या ग्रंथात मिळते. रानडुक्कर मारल्यावर त्यांना अपेक्षित असलेला पश्चात्ताप झाला नाही. आनंद झाला, अभिमान वाटला. काही काळाने सोबत्याने पाठवलेले छायाचित्र त्यांनी संगणकाच्या पडद्यावर पाहिले. मृत प्राण्याजवळ हसत बसलेला स्वतःचा चेहरा पाहून त्यांना किळस आली. मारतेवेळी तेथे निषादच होता. वाल्मीकी नंतर, अन्य स्थळी, छायाचित्रासमोर उपस्थित झाला. देह एक असला तरी काळ दोन होते, आणि कथनाने ते दोन काळ शिवून एक केले. निषादाला स्वतःच शोक झाला असता तर काय झाले असते, या आरंभीच्या प्रश्नाचे एक उत्तर येथे मिळते : तो शोक नेहमी उशिराने येतो, आणि त्याचा लाभ केवळ शिकाऱ्याला होतो. क्रौंचवधात शोकाने शाप जन्माला घातला होता, म्हणजे मारणाऱ्यावर काही बंधन आणले होते. स्वतःच स्वतःसाठी केलेल्या शोकाने बंधन येत नाही. पुढच्या हंगामाचा परवाना घेण्याइतके मन हलके होते.

६

या ठिकाणी असा आक्षेप घेतला जाईल, की आम्ही एका दूरदेशीच्या छंदाची चिकित्सा सोयीच्या अंतरावरून करीत आहोत. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाची शिकार हा गुन्हा आहे. तेव्हा निवड करण्याचा प्रसंग आपल्यावर येतच नाही. आक्षेप रास्त आहे. त्यात आणखी एक गोष्ट मिळवली पाहिजे. आपल्याकडे ज्यांना शिकार वारशाने आली, त्या फासेपारध्यांसारख्या समाजांवर १८७१ च्या कायद्याच्या परंपरेने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी संशय गेला नाही; आणि पुढे त्यांची उपजीविकाच बेकायदेशीर ठरली. रामायणातील निषादही बोलत नाही. तो का मारतो, कोणासाठी मारतो, हे आपल्याला कळत नाही. ज्याला शिकारीवाचून पर्याय नव्हता तो निषाद मुका आहे, आणि ज्याच्यापुढे सर्व पर्याय खुले होते त्या शिकाऱ्याने ग्रंथ लिहिले आहेत. शिकारीच्या नीतीचा कोणताही विचार वाणीच्या या विषम वाटपाकडे डोळेझाक करून पुरा होणार नाही.

परंतु निषादाहूनही मुका असा तिसरा घटक आहे, तो मरणारा. आपल्या परंपरेत त्यालाही एकदा वाणी मिळाली आहे. महाभारताच्या आदिपर्वात पंडू राजा मृगरूपात समागम करीत असलेल्या किंदम ऋषीला बाण मारतो. मरताना तो मृग बोलतो. राजे मृगया करतातच, असे समर्थन पंडू करतो. त्यावर किंदमाचे म्हणणे विलक्षण आहे : तू मृग मारलास याबद्दल माझा दोष नाही, परंतु तू माझा समागम पुरा होईपर्यंत थांबला नाहीस. शिकाऱ्याच्या मनात करुणा होती की नव्हती, हे किंदम विचारत नाही. त्या क्षणी माझे काय चालले होते, हे तू पाहिलेस का, एवढेच तो विचारतो.

हा प्रश्न घेऊन विस्कॉन्सिनच्या रानात परतले, तर एक वस्तुस्थिती समोर येते. तेथील पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा माजाचा काळ नोव्हेंबरच्या पूर्वार्धात शिगेला पोहोचतो, आणि धनुष्याच्या व क्रॉसबोच्या शिकाऱ्यांना तेच दिवस सर्वांत मोलाचे वाटतात. एरवी अतिशय सावध असणारा नर त्या दिवसांत मादीच्या मागे भरदिवसा उघड्यावर येतो. मादीच्या मूत्राचा गंध पसरून आणि नराच्या आवाजाची नक्कल करून त्याला मचाणाखाली बोलावले जाते. किंदमाने पंडूला ज्यासाठी शाप दिला, तेच येथे कौशल्य म्हणून शिकवले जाते. वन्यजीवांच्या व्यवस्थापनाच्या दृष्टीने यात काही गैर नाही, असे सांगता येईल. संख्येच्या गणितात नर कोणत्या क्षणी मेला याला महत्त्व नसते. परंतु संख्येच्या गणिताने ज्याचे समाधान झाले असते, तो मनुष्य पंचेचाळिसाव्या वर्षी मृत्यूला सामोरे जाण्यासाठी मचाणावर चढलाच नसता. त्याने स्वतःहून नैतिक गांभीर्याचा दावा केला आहे. तो दावा खरा असेल, तर स्वतःच्या सद्सद्विवेकाविषयी प्रकरणेच्या प्रकरणे लिहिण्याआधी किंदमाच्या या एका ओळीच्या प्रश्नाला त्याने उत्तर द्यावयास हवे.

तेव्हा उत्तरवयात शिकलेली शिकार सर्वस्वी त्याज्य आहे, असा निष्कर्ष प्रस्तुत लेखकाला काढता येत नाही. वाल्याच्या कुटुंबातील व्यक्तीला तो अधिकारच पोहोचत नाही. इतके मात्र म्हणता येईल, की या शिकाऱ्याने निषादाचे स्थान पत्करावे आणि वाल्मीकीचे स्थान मागू नये. हरणाच्या मृत्यूतून अन्न मिळेल. त्यातून स्वतःचे शुद्धीकरण मिळावे ही अपेक्षा त्याने सोडावी. त्याच्या शिक्षणाची कसोटी बाण सुटल्यानंतर येणाऱ्या अश्रूंत नाही. समोर आलेले हरीण त्या क्षणी काय करीत आहे हे पाहून बाण न सोडण्यात ती आहे.

बाण न सोडण्याचीही या हत्याराची एक रीत आहे. ओढलेली दोरी बहुतेक क्रॉसबोंमध्ये हाताने सैल करता येत नाही, आणि बाणावाचून चाप दाबला तर धनुष्य मोडण्याचा धोका असतो. म्हणून दिवस मावळताना, काहीही न मारता मचाणावरून उतरलेला शिकारी त्यासाठीच ठेवलेला एक बाण चढवतो आणि तो मऊ जमिनीत सोडतो. पहाटे केलेला संकल्प आपोआप विरत नाही. तो जमिनीत सोडावा लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला हा दिवस वाया गेला असे वाटेल, आणि शिकारीच्या कथनांत अशा संध्याकाळींना क्वचितच जागा मिळते. उशिरा शिकणाऱ्याने आपल्या शिक्षणाविषयी लिहावयाचेच असेल, तर अशा संध्याकाळींविषयी लिहावे. आणि आपण, ज्यांनी कधी दोरीच ओढलेली नाही, त्यांनी निदान पापातला वाटा आपला नाही असे म्हणणे थांबवावे.